कमी पैशांत स्कूबाचं सामान: काय विकत घ्यावं, काय भाड्यानेच वापरावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, नुकताच पुरा झालाय, कोर्सच्या धरून दहाएक डाइव्ह झाल्यात आणि आता स्वतःचं सामान हवंय, पण हातात पैसे मोजकेच आहेत. एक जण सात वर्षांचा जुना पूर्ण सेट एकाच किमतीत द्यायला तयार आहे. त्यात रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणारा), वेटसूट आणि टाकी असं सगळं आहे. गेली तीन वर्षं तो कपाटात पडून आहे. घ्यावा का?

पूर्ण सेट म्हणून घेऊ नका. त्यातल्या एकदोन वस्तू तपासून घेण्यासारख्या असू शकतात, त्या कशा ओळखायच्या ते पुढे सांगतो. मी बरीच वर्षं डाइव्हिंग शिकवतोय आणि रेग्युलेटरची सर्व्हिसिंगही करतो, त्यामुळे लोकांनी हौसेने घेतलेलं सामान पुढे कसं निघतं ते माझ्या टेबलावर दिसतं. पैसे कमी असणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते. ते खरेदीची किंमत बघतात आणि त्या वस्तूला पुढे दरवर्षी काय लागणार हे बघत नाहीत. मास्कला पुढे काहीच लागत नाही. रेग्युलेटरला सर्व्हिस लागते, टाकीला तपासणी लागते, कॉम्प्युटरला बॅटरी लागते. म्हणून माझा हिशोब असा: जे अंगाला नीट बसलं पाहिजे ते आधी विकत घ्या. ज्याला दरवर्षी खर्च लागतो ते, त्या खर्चाची तयारी झाल्यावरच घ्या. तोपर्यंत भाड्याचं वापरण्यात कमीपणा नाही.

सुरुवात मास्कपासून. सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी ही एक, आणि डाइव्ह सुखाची होणार की त्रासाची हे जितकं मास्क ठरवतो तितकं दुसरं काहीच ठरवत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने दुकानातला सर्वांत महागडा मास्क आणला होता. पहिल्या डाइव्हला दर मिनिटाला तो मास्कमधलं पाणी काढत होता. पन्नास मिनिटं पुरायला हवी होती ती हवा तिसाव्या मिनिटाला संपत आली, कारण प्रत्येक वेळी नाकाने हवा फुंकावी लागत होती आणि वर जीव घाबरलेला. दुसऱ्या दिवशी त्याला केंद्रातला एक साधा, ओरखडे पडलेला मास्क दिला. एक थेंब आत आला नाही. चेहरा तोच होता, फक्त मास्कची कड आता त्या चेहऱ्याच्या आकाराची होती.

मास्क बघताना पट्टा पुढे काढून ठेवा. मान वर करून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, दाबू नका. कडेने कुठे फट दिसते का ते बरोबरच्या माणसाला बघायला सांगा. मग तोंडात स्नॉर्कल किंवा रेग्युलेटरचं माउथपीस धरून नाकाने अगदी हलका श्वास आत ओढा. माउथपीस धरायचं विसरू नका, कारण ते तोंडात असलं की गाल आणि वरच्या ओठाचा आकार बदलतो आणि दुकानात घट्ट बसलेला मास्क पाण्यात गळायला लागतो. श्वास ओढून धरल्यावर मान सरळ केली तरी मास्क पडला नाही, तर तो तुमचा. जोर लावून ओढू नका. जोराने ओढला की कुठलाही मास्क चिकटतो आणि त्यातून काहीच कळत नाही. मिशा असतील तर नाकाखाली कड जिथे टेकते तिथून पाणी शिरतं. तेवढी पट्टी छाटली की बहुतेकांचं काम होतं.

काच टेम्पर्ड असल्याचं तिच्यावर लिहिलेलं असावं आणि कड सिलिकॉनची असावी. नाक मास्कच्या आत हवंच. खाली जाताना मास्कमधली हवा दाबली जाते आणि नाकाने थोडी हवा आत सोडून ती भरून काढावी लागते. पोहण्याच्या गॉगलमध्ये ते करता येत नाही आणि डोळ्यांभोवती रक्त साकळतं. तोंडासकट सगळा चेहरा झाकणारे स्नॉर्कलिंगचे मास्क हल्ली स्वस्तात मिळतात. ते पृष्ठभागावरच वापरायचे असतात, स्कूबासाठी ते चालतच नाहीत, त्यामुळे एकात दोन कामं होतील म्हणून ते घेऊ नका. चष्मा असेल तर ज्याच्या काचा सुट्या निघतात आणि नंबराच्या काचा तयार मिळतात असं मॉडेल बघा. नंबर अगदी कमी असेल तर एकदा साध्या मास्कने उतरून बघा. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि काहीशा जवळ दिसतात, त्यामुळे काही जणांचं त्यावर भागतं.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो. तो गेला नाही तर मास्क सतत धुकट होतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन आतून काच चोळायची, धुवायची, परत चोळायची. चारपाच वेळा करा. लायटरची ज्योत फिरवून तो थर जाळायचं काही जण सुचवतात. सिलिकॉनची कड करपलेले मास्क मी पाहिलेत, त्यामुळे तो प्रयोग माझ्या विद्यार्थ्यांना मी करू देत नाही. काचेवर मुळातच खास लेप असेल तर टूथपेस्टही नको.

स्नॉर्कल साधा, वाकवून खिशात घालता येईल असा घ्या आणि विषय संपवा.

फिन्स आणि बूट जुने घ्यायला हरकत नाही. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं. टाचेचा पट्टा चिरलाय का आणि पात्याच्या मुळाशी भेग आहे का एवढं बघा. बोटीवरून उडी मारून उबदार पाण्यात डाइव्ह करत असाल तर पूर्ण पायाच्या फिन्स स्वस्त पडतात आणि बुटांचा खर्च वाचतो. किनाऱ्यावरून खडकांवर चालत पाण्यात शिरायचं असेल तर मात्र जाड तळाचे बूट आणि त्यावर उघड्या टाचेच्या फिन्स लागतात. बूट आधी घ्या आणि ते घालूनच फिन्सचं माप बघा. फ्रीडायव्हिंगच्या लांब फिन्स दिसायला देखण्या असतात, पण स्कूबाच्या सगळ्या सामानासकट वळताना त्या आडव्या येतात आणि तळावरची वाळू उडवतात.

वेटसूटच्या बाबतीत जुन्या बाजाराचा खरा फायदा आहे. लोकांची अंगं बदलतात, हौस सरते आणि चारपाच वेळा घातलेले सूट निम्म्याहून कमी किमतीत विकायला निघतात. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. म्हणून सूट ढगळ असेल, पाठीच्या खोलगट भागात किंवा मानेशी फट असेल, तर प्रत्येक हालचालीला आतलं कोमट झालेलं पाणी बाहेर जातं आणि थंड पाणी आत येतं. भाड्याच्या सुटात अनेकांना थंडी वाजते ती यामुळेच. सूट कोरडा असताना घालायला कष्ट पडले पाहिजेत, पण घातल्यावर छाती भरून श्वास घेता आला पाहिजे.

जुना सूट बघताना गुडघा आणि बैठकीची जागा चिमटीत धरा, मग बाहीचा वरचा भाग धरा. पहिल्या दोन ठिकाणी कापड पातळ आणि कडक लागलं तर निओप्रीनमधले, म्हणजे सुटाच्या फेसाळ रबरातले, बुडबुडे मेलेत. ऊब त्या बुडबुड्यांमुळेच असते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे चांगल्या सुटातलेही बुडबुडे तिथे निम्मे होतात. मग आधीच बसलेल्या सुटाकडून काय अपेक्षा ठेवणार? जाडीचा ढोबळ अंदाज असा धरतात: पाणी २६-२७ अंशांच्या वर असेल तर ३ मिलिमीटर, त्याखाली साधारण २१ पर्यंत ५, आणि आणखी थंड पाण्याला ७, त्यावर डोक्याला हूड. पण थंडी प्रत्येकाला वेगळी लागते. कोर्समध्ये तुम्ही कशात कुडकुडलात आणि कशात नाही हे आठवा, तो अंदाज तक्त्यापेक्षा खरा.

आता कॉम्प्युटर. पैसे कमी असताना हा नंतर कधीतरी घेऊ असं बहुतेक जण म्हणतात. मी उलट सांगतो: मास्क, पाय आणि अंग यांची सोय झाली की पुढचे पैसे कॉम्प्युटरसाठी साठवा. रेग्युलेटर भाड्याचा चालतो, कारण आज एक आणि उद्या दुसरा वापरला तरी फरक पडत नाही. कॉम्प्युटरचं तसं नाही. तुमच्या शरीरात किती नायट्रोजन साठलाय याचा हिशोब तो डाइव्हमागून डाइव्ह पुढे नेत असतो. सकाळी एक कॉम्प्युटर वापरून दुपारी दुसरा मनगटावर बांधला, तर दुसऱ्याला वाटतं की तुम्ही आज पाण्यात उतरलाच नाहीत, आणि तो तुम्हाला जास्त वेळ देऊन बसतो. दोघा मित्रांत एक कॉम्प्युटर हा प्रकारही असाच. खोली दोघांची सारखी कधीच नसते. एक जण कासवाच्या मागे चार मीटर खाली जाऊन येतो आणि त्याचा हिशोब दुसऱ्याच्या मनगटावर कुठेच नसतो.

मनगटावरचा, अगदी मूळ पायरीचा कॉम्प्युटर पुरेसा आहे. त्यात हवा आणि नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन असलेली हवा) असे दोन्ही मोड असावेत, वर येण्याचा वेग जास्त झाला तर त्याने इशारा द्यावा, ५ मीटरवरच्या ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्याची, मोजणी करावी आणि बॅटरी स्वतः बदलता यावी. स्वस्त आणि महाग कॉम्प्युटरच्या पोटातलं गणित बहुधा एकाच जातीचं असतं. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांनी मांडलेलं, शरीरातल्या ऊतींचे १६ गट कल्पून केलेलं गणित आज असंख्य कॉम्प्युटरांत कमीअधिक बदल करून वापरतात. जास्तीचे पैसे रंगीत पडदा, टाकीतली हवा बिनतारी दाखवणं, होकायंत्र असल्या सोयींचे असतात. सोयी चांगल्या आहेत, पण दहा डाइव्ह झालेल्या माणसाला त्यावाचून काही अडत नाही.

कॉम्प्युटर शक्यतो नवा घ्या. जुना घ्यायचाच तर बॅटरीचं झाकण उघडून बघा. आत स्प्रिंगवर हिरवट पावडर असेल तर पाणी शिरलेलं आहे, परत ठेवून द्या. नोंदवलेली सर्वांत जास्त खोली बघा, बटणं दाबून बघा, आणि त्या मॉडेलबद्दल कंपनीने परत मागवण्याची सूचना काढली होती का ते शोधा. घेतल्यावर पहिल्या दोन डाइव्हना तो दुसऱ्या, भरवशाच्या कॉम्प्युटरशेजारी बांधून न्या. खोलीत अर्धाएक मीटरहून जास्त फरक पडायला लागला तर त्याच्यावर विसंबू नका.

इथपर्यंतचं सामान एका मध्यम पिशवीत मावतं. बहुसंख्य हौशी डाइव्हरनी इथे थांबलं तरी चालतं असं माझं मत आहे. रेग्युलेटर आणि बीसीडी घ्यावा का, हे वर्षातून किती दिवस पाण्यात उतरता यावर ठरतं. हिशोब पैशात न करता भाड्याच्या दिवसांत करा. समजा रेग्युलेटरची किंमत ४० दिवसांच्या भाड्याइतकी आहे आणि त्याच्या देखभालीला वर्षाला ४ दिवसांच्या भाड्याइतका खर्च येतो. वर्षातून १२ दिवस डाइव्ह करत असाल तर ८ दिवसांचं भाडं वाचतं, म्हणजे पाच वर्षांत पैसे वसूल. ५ दिवसच जात असाल तर वर्षाला एका दिवसाचं भाडं वाचतं आणि वसुलीला ४० वर्षं लागतात. तुमच्याकडचे आकडे घालून हाच हिशोब करा. विमानाने जात असाल तर जादा सामानाचं शुल्कही त्यात धरा.

हिशोब घेण्याच्या बाजूने निघाला तर रेग्युलेटरबद्दल थोडं समजून घ्या, कारण इथे फसवणूक होते आणि इथेच ती महागात पडते. पहिला टप्पा, म्हणजे टाकीला लागतो तो धातूचा भाग, टाकीतला सुमारे २०० बारचा (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरच्या हवेचा दाब) दाब उतरवून आजूबाजूच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतका करतो. दुसरा टप्पा तोंडात असतो. तो, तुम्ही श्वास ओढला की त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. कल्पना जुनी आहे. कूस्तो आणि गान्यान यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा देणारं यंत्र पाण्यात चालवून दाखवलं, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे. म्हणून दहापंधरा वर्षांचा रेग्युलेटर केवळ वयामुळे वाईट ठरत नाही. पितळेचं शरीर टिकतं. झिजतात ते रबराचे ओ-रिंग, सीट (हवा अडवणारी मऊ चकती), पडदे आणि होज, म्हणजे हवेच्या नळ्या, आणि ते बदलायला सर्व्हिस किट मिळतं की नाही यावर सगळं अवलंबून आहे. त्यामुळे जुन्या रेग्युलेटरचा पहिला प्रश्न मॉडेल कोणतं हा, आणि दुसरा, तुमच्या जवळचा तंत्रज्ञ ते मॉडेल खोलतो का, हा. विकत घेण्याआधी त्याला विचारा. किट मिळत नसेल तर फुकट मिळालेला रेग्युलेटरही घेऊ नका.

मग विजेरी घेऊन पहिल्या टप्प्याच्या तोंडात बघा. तिथे जाळीदार धातूचा बटणाएवढा फिल्टर असतो. तो चांदीसारखा स्वच्छ असावा. हिरवट दिसला तर आत खारं पाणी गेलंय आणि पितळ खायला लागलंय. तांबूस पूड दिसली तर ती गंजलेल्या पोलादी टाकीतून आलेली आहे. एकदा एक जण बाहेरून आरशासारखा चकचकीत रेग्युलेटर घेऊन आला, विकणाऱ्याने खास पॉलिश करून दिला होता. फिल्टर काढला तेव्हा खाली टेबलावर हिरवी भुकटी सांडली. आत ज्या कडेवर सीट टेकते ती धातूची कड, केसापेक्षा बारीक पण गुळगुळीत असावी लागते, तिला खड्डे पडले होते. ते किट घालून सुटत नाही. दुरुस्तीचा अंदाज काढला तर त्यात नवा साधा रेग्युलेटर आला असता. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने त्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते.

होजच्या टोकाशी रबरी संरक्षक नळ्या असतात त्या मागे सरकवा. होज वाकवून बघितली की भेगा तिथेच दिसतात, नळीखाली झाकलेल्या. कापडी वेणीसारखं आवरण असलेल्या होज दिसायला चांगल्या असतात, पण जुन्या असतील तर बदलूनच टाका. त्यांतल्या काहींच्या आतल्या अस्तरात कालांतराने स्फटिक तयार होऊन हवा अडल्याच्या घटना डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग सुरक्षेच्या संस्थेने नोंदवल्या आहेत आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. यानंतर पहिल्या टप्प्याची टोपी घट्ट लावा आणि टाकी न जोडता दुसरा टप्पा तोंडात धरून हलका श्वास ओढा. हवा यायला नको. आली तर पडदा किंवा बाहेर जाणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह गळतोय, आणि पाण्यात तिथून पाणी येईल. ऑक्टोपसवरही, म्हणजे जास्तीच्या दुसऱ्या टप्प्यावरही, हेच करा. तो अडचणीत आलेल्या जोडीदाराच्या तोंडात जायचा असतो, म्हणून त्याला दुय्यम समजू नका.

टाकी जोडायची सोय असेल तर हळूच उघडा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. काही मिनिटांनी दुसऱ्या टप्प्यातून आपोआप फुसफुस सुरू झाली तर आतला दाब हळूहळू चढतोय, म्हणजे सीट गेलेली आहे. हे नेमकं मोजणारं छोटं गेज इन्फ्लेटरच्या (बीसीडीत हवा भरणाऱ्या भागाच्या) होजला लागतं. ते स्वस्त आहे, आणि जुनं सामान घेणाऱ्याकडे ते असावंच. त्यावरचा काटा एका जागी थांबला पाहिजे, चढत राहता कामा नये.

नवा घेत असाल तर सर्वांत साधा, अनबॅलन्स्ड पिस्टनचा रेग्युलेटर बघायला लाजू नका. टाकी रिकामी होत आली की श्वास किंचित जड होतो हे खरं. पण ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत, शांतपणे डाइव्ह करणाऱ्याला त्याने अडचण येत नाही. आत हलणारे भाग मोजके असतात, त्यामुळे सर्व्हिस स्वस्त आणि बिघाड कमी. पुढे खोल जायचा बेत असेल तर बॅलन्स्ड घ्या. त्यात टाकीतला दाब कमी झाला तरी श्वास सारखाच राहतो. युरोपियन मानकाची ईएन २५० ही खूण बघा. तिच्यापुढे १० अंशांहून जास्त असं लिहिलं असेल तर थंड पाण्यासाठी तो तपासलेला नाही. टाकीला जोडण्याचे दोन प्रकार असतात, आट्यांनी फिरवून बसवायचा डिन आणि चिमट्यासारखा धरणारा योक. विचारलंत तर मी डिन सुचवतो. डिनला योकचा अडॅप्टर लावून दोन्ही प्रकारच्या टाक्यांवर चालवता येतं, उलटं मात्र सहज जमत नाही.

सर्व्हिसची मुदत पूर्वी सरसकट वर्षाची असायची. आता काही कंपन्या २ वर्षं किंवा १०० डाइव्ह, आणि मधल्या वर्षी नुसती तपासणी, असं सांगतात. पुस्तिकेत असेल ते धरा. आजन्म मोफत सुटे भाग अशी जाहिरात असली तरी मजुरी तुमचीच असते. शिवाय एखादी सर्व्हिस चुकली की ती सवलत बहुधा बंद होते, आणि जुन्या मालकाची सवलत तुमच्याकडे येईलच असं नसतं. म्हणून जुन्या रेग्युलेटरच्या किमतीत पूर्ण सर्व्हिस आणि नव्या होज यांचा खर्च मिळवूनच नव्याशी तुलना करा. कितीतरी वेळा फरक इतका थोडा उरतो की नवा परवडतो.

बीसीडी जुना चांगला मिळू शकतो. तोंडाने पूर्ण फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तितकाच टणक असला पाहिजे. हलवून बघा. आत खडखडलं तर मिठाचे खडे आहेत, म्हणजे आतून कधी धुतलेला नाही, आणि ते खडे पिशवीला आतून घासत राहतात. हवा सोडायच्या प्रत्येक दोरीला ओढून बघा, व्हॉल्व्ह लगेच बंद होतोय ना. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडा, मग हवेचा होज जोडलेला ठेवून दहा मिनिटं वाट बघा. बीसीडी आपोआप फुगायला लागला तर तो इन्फ्लेटर बदलल्याशिवाय पाण्यात न्यायचा नाही. खाली असताना असं झालं तर माणूस सुटलेल्या फुग्यासारखा वर जातो, आणि डाइव्हिंगमध्ये जे होऊ नये असं आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो ते हेच. जॅकेट घ्यायचं की पाठीवर पत्रा आणि विंग, म्हणजे त्याला जोडलेली हवेची पिशवी? मला दुसरं आवडतं. पत्रा झिजत नाही, पट्टे स्वस्तात बदलता येतात आणि शरीर बदललं तरी सेट तोच राहतो. पण ज्यात शिकलात त्याची सवय असते, एकदा भाड्याने वापरून मगच ठरवा.

टाकी घेऊ नका. ती भरायला तुम्हाला केंद्रात जावंच लागतं, आणि केंद्र भरलेली टाकी भाड्याने देतंच. आतून बघण्याची तपासणी आणि ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी, दोन्ही प्रत्येक देशाच्या नियमाप्रमाणे करावी लागतात, आणि शिक्का जुना असेल तर कुणी भरूनच देत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ६३५१ या मिश्रधातूच्या अ‍ॅल्युमिनियम टाक्या बनायच्या. त्यांच्या मानेशी भेगा पडल्याचं पुढे आढळलं. तसली टाकी स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी घेऊ नये. शिशाची वजनंही विकत घेऊ नका, ती डाइव्हच्या पैशांत मिळतात.

एका लहान वस्तूसाठी मात्र हट्ट धरतो: पृष्ठभागावर फुगवून सोडायचा नारिंगी मार्कर, त्याला १५-२० मीटर दोरीचं साधं स्पूल आणि एक शिट्टी. तिन्ही मिळून मास्कच्या आसपास किमतीत होतात. लाटा असताना शंभर मीटरवरचं माणसाचं डोकं बोटीवरून दिसत नाही, मार्कर दिसतो. तो आधी उथळ पाण्यात, शिक्षकाबरोबर सोडायला शिका.

सामान टिकवणं हीसुद्धा बचतच. डाइव्हनंतर टोपी कोरडी करून पहिल्या टप्प्यावर लावा, मग गोड्या पाण्यात बुडवा. बुडवलेलं असताना दुसऱ्या टप्प्यावरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका, दाबलंत तर दुसऱ्या टप्प्यातून पाणी होजमध्ये आणि तिथून पहिल्या टप्प्यात जातं. वर सांगितलेली हिरवी भुकटी पुष्कळदा अशीच तयार होते. सगळं सावलीत वाळवा, होज घड्या न घालता सैल वेटोळ्यात ठेवा.

आता त्या सात वर्षांच्या सेटकडे. मालकाला म्हणा, मला वस्तू सुट्या हव्यात. तो तयार नसेल तर सोडून द्या, असे सेट सतत निघत असतात. तयार असेल तर जाताना विजेरी आणि माउथपीस लावलेला तुमचा मास्क-स्नॉर्कल घेऊन जा, म्हणजे सूट घालून बघताना हूडसकट सगळं कसं बसतं ते कळेल. सूट बसला आणि गुडघे जाड असले तर घ्या. बीसीडी एक रात्र घरी ठेवून बघायची परवानगी मागा. टाकी नको. सात वर्षांच्या कॉम्प्युटरपेक्षा नवा साधा बरा, त्याचे पैसे इथे घालवू नका. रेग्युलेटरचं मॉडेल आणि नंबर लिहून घ्या, फिल्टरचा फोटो काढा आणि पैसे देण्याआधी दोन्ही तुमच्या तंत्रज्ञाला दाखवा. तीन वर्षं पडून राहिलेल्या रेग्युलेटरला, पाण्यात एकदाही उतरला नसला तरी, पूर्ण सर्व्हिस लागणारच. तेवढी रक्कम मालक किमतीतून कमी करायला तयार नसेल तर हा हंगाम भाड्याच्या रेग्युलेटरवर काढा आणि वाचलेल्या पैशांत आणखी काही डाइव्ह करा. पंचवीसेक डाइव्ह झाल्यावर तुम्हाला काय हवंय ते आजच्यापेक्षा बरंच स्पष्ट झालेलं असेल, तेव्हा पुन्हा विचारा.